आकाशमार्ग : अंतर आणि वेळ

दिल्लीहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को किती दूर आहे, असे विचारले तर पुष्कळ विद्यार्थी भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवतील. परंतु नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल. म्हणून पट्टीचे उत्तर येथे फसवे ठरते. त्याऐवजी वर्गातील पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो सैबेरिया व आर्क्टिक महासागर यांवरून, उत्तर ध्रुवाच्या अंगाने जाईल. हाच सर्वांत जवळचा मार्ग. त्याची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते.

मग विमाने नेहमी याच मार्गाने जातात काय? नाही. विमान हवेतून जाते आणि हवा स्वस्थ नसते. मध्य अक्षांशांवर, भूपृष्ठापासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात. विमान त्यांच्याबरोबर चालले तर वाऱ्याचा वेग विमानाच्या वेगात मिळवावयाचा. उलट चालले तर वजा करावयाचा. भरती पाहून होडी सोडणाऱ्या आमच्या मांडवीकाठच्या नावाड्यास हे तत्त्व निराळे शिकवावे लागत नाही.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही विमानसेवा सुरू केली. प्रारंभी विमान पश्चिमेकडे, अटलांटिक महासागरावरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. हे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटरांनी अधिक. तरीही हा प्रवास सुमारे साडेचौदा तासांत पुरा झाला आणि जवळजवळ दोन तास वाचले!

हे कसे घडले, ते साध्या त्रैराशिकाने कळते. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर मानू. पूर्वेकडे जाताना वाऱ्याचे सरासरी १५० किलोमीटर मिळाले, तर वेग १,०५० होतो आणि १५,३०० किलोमीटरांस सुमारे साडेचौदा तास लागतात. पश्चिमेकडे ४० किलोमीटरांचा वारा आडवा आला, तर वेग ८६० उरतो आणि १३,९०० किलोमीटरांसही सोळा तासांहून अधिक लागतात.

आता घड्याळाची गंमत पाहू. ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असते. साडेचौदा तासांचा प्रवास करून उतरावे, तो तेथे निघाल्या वेळेपुढे दोनच तास झालेले! वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना एक दिवस मागे जातो, म्हणून तारीखही तीच राहते.

परदेशी गेलेल्या मुलाच्या पोचल्याच्या निरोपाकडे डोळे लावून बसणाऱ्या आईबापांनी म्हणून निघण्याची व पोचण्याची वेळ नुसती वजा करून काळजीत पडू नये. दोन्ही वेळा आधी आपल्या घड्याळात मांडाव्या. हा हिशेब घरी करून दाखविणे हे विद्यार्थ्यांचेच काम, असे आम्हांस वाटते.