ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक प्रणालीतील तेलबदल

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक प्रणालीतील तेलबदल ही नियमित देखभालीची क्रिया आहे. जुने तेल काढून नवे भरल्यावर प्रणालीत शिरलेली हवा बाहेर काढणे व उचल यंत्रणा पूर्ववत चालू करणे हा या क्रियेचाच भाग होय. तेल बदलल्यावर 'लिफ्ट' उचलेनाशी झाली की पंप निकामी झाला असा समज सहज होतो. मात्र पंपाकडे जाणाऱ्या मार्गात अडकलेली हवा हे त्याचे अधिक संभाव्य कारण असते.

पार्श्वभूमी
अवजार तीन बिंदूंवर जोडून तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत आयरिश अभियंता हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केली. १९३९ साली आलेल्या फोर्डच्या '९ एन' ट्रॅक्टरमुळे तिचा मोठा प्रसार झाला. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील काळ्या जमिनीत उन्हाळी नांगरट भारी पलटी नांगराने केली जाते आणि या काळात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. तापलेले तेल पातळ होते व झिजलेल्या भागांतून आतल्या आत गळते, त्यामुळे लिफ्ट मंदावते. पाऊस पडून वापसा आल्यावर पेरणीपूर्व पाळीसाठी मोजकेच दिवस मिळतात. ट्रॅक्टर तेव्हा उभा राहिला तर पेरणी लांबते, म्हणून हे काम हंगामापूर्वी उरकणे सोयीचे ठरते.

हवा कशी शिरते
पंपाच्या पुढील बाजूस दाब साधारण १५० ते २०० बार असतो. मागील, म्हणजे शोषण बाजूस मात्र तेल पंपाकडे ढकलायला वातावरणाचा जेमतेम १ बार दाब उपलब्ध असतो. त्यामुळे दाबाच्या बाजूला सांधा सैल असला तर तेल बाहेर गळताना दिसते. शोषण बाजूला तेवढाच सैलपणा असला तर इंजिन चालू असताना तेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून काहीच दिसत नसल्याने हा दोष शोधणे अवघड जाते. फिल्टर बसवताना दुमडलेली किंवा जुनीच वापरलेली ओ-रिंग हे त्याचे नेहमीचे कारण. कण्हल्यासारखा आवाज, फेसाळलेले तेल व झटके देत वर जाणाऱ्या भुजा ही त्याची लक्षणे होत. तेल दुधाळ दिसत असेल आणि काही वेळ उभे ठेवूनही निवळत नसेल, तर त्यात पाणी मिसळलेले असते; गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरी आवरणातून पावसाचे पाणी गिअरबॉक्समध्ये उतरते.

पूर्ववत करण्याची पद्धत
ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, भुजा खाली ठेवून, डिपस्टिकच्या खुणेपर्यंत तेल भरतात. अवजार न जोडता इंजिन मंद गतीवर चालवून लिव्हर सावकाश वर-खाली करतात. त्यानंतर इंजिन बंद करून फेस बसू देतात व पातळी पुन्हा पाहतात. फिल्टर, नळ्या व सिलिंडर भरल्याने ती उतरलेली असते. पंप थोड्याच वेळात तेल पकडत नसेल तर इंजिन बंद करावे. पंपाचे वंगण तेच तेल असल्याने कोरडा फिरवलेला पंप खरोखरच खराब होतो, आणि मग मूळचा चुकीचा निष्कर्ष बरोबर ठरतो!

फर्ग्युसन धाटणीच्या काही ट्रॅक्टरांत पंप पीटीओच्या दांड्यावर चालतो. अशा ट्रॅक्टरचा पीटीओ लिव्हर न्यूट्रलमध्ये राहिला तर पंप फिरतच नाही.

तेलाची निवड व सुरक्षितता
बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, लिफ्ट व तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल लागते. तेथे निव्वळ गिअर ऑइल भरल्यास ब्रेक आवाज करतात व त्यांची पकड बिघडते. म्हणून माहितीपुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच तेल वापरतात. उचललेल्या अवजाराखाली जाऊन काम करू नये, तसेच गळती हाताने चाचपू नये. दाबाने सुटलेली बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. वरून टाचणीएवढीच दिसणारी अशी जखम प्रत्यक्षात तातडीच्या शस्त्रक्रियेची असते.

काढलेले जुने तेल २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक टाकाऊ पदार्थांत मोडते. ते बांधावर किंवा विहिरीजवळ न ओतता झाकणबंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पोहोचवावे लागते.