पायांतून न निघणारे लाल बूट

‘द रेड शूज’ हा बॅले नर्तकीच्या आयुष्यावरचा ब्रिटिश चित्रपट १९४८ साली आला. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीने तो लिहिला, निर्माण केला आणि दिग्दर्शितही केला. त्याचे बीज हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८४५ मधल्या परीकथेत आहे. त्या कथेतल्या मुलीला लाल बुटांचा मोह पडतो. मग बूट पायांतून निघेनासे होतात, तिला अहोरात्र नाचवत राहतात आणि अखेर ती जल्लादाकडून आपले पाय तोडून घेते.

प्रेसबर्गरने मूळ पटकथा दुसऱ्या महायुद्धापूर्वी निर्माता अलेक्झांडर कोर्डासाठी लिहिली होती. नायिका म्हणून डोळ्यांसमोर होती मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन. तो बेत बारगळला. पुढे या जोडीने पटकथा कोर्डाकडून विकत घेतली, तेव्हा नायिका खरीखुरी नर्तकीच हवी असे पॉवेलने ठरवून टाकले. लंडनच्या सॅडलर्स वेल्स बॅलेतली तांबड्या केसांची मोइरा शिअरर बराच काळ नकार देत राहिली आणि शेवटी एकदाची तयार झाली.

तिने साकारलेली व्हिक्टोरिया पेज लेरमॉन्टोव्ह या संचालकाच्या बॅले कंपनीत दाखल होते. त्याच सुमारास ज्युलियन क्रास्टर हा तरुण संगीतकारही तिथे येतो. माँटे कार्लोमध्ये ‘द रेड शूज’ हा नवा बॅले रंगतो, व्हिक्टोरिया एका रात्रीत नावारूपाला येते आणि ज्युलियनच्या प्रेमात पडते. लेरमॉन्टोव्हच्या लेखी प्रेमात गुंतलेली नर्तकी कलेला मुकलेली असते. तो ज्युलियनला काढून टाकतो आणि व्हिक्टोरियाही त्याच्यामागे कंपनी सोडते आणि त्याच्याशी लग्न करते.

अँटन वॉलब्रुकने उभा केलेला लेरमॉन्टोव्ह पाहताना ‘बॅले रूस’ या बॅले कंपनीचा संस्थापक सर्गेई डियागिलेव्ह आठवतो. त्याचा नर्तक निजिन्स्कीने १९१३ साली लग्न केले, तेव्हा डियागिलेव्हने त्याला कंपनीतून काढले. १९२१ मध्ये नर्तक लिओनिद मासीनवरही तीच पाळी आली. हाच मासीन या चित्रपटातल्या बॅलेत लाल बूट देणाऱ्या मोच्याची भूमिका नाचतो, आणि आपल्या भूमिकेची नृत्यरचनाही त्याने स्वतःच केली. बाकीची नृत्यरचना रॉबर्ट हेल्पमनची.

चित्रपटाचे खरे वैभव म्हणजे मधला सुमारे १७ मिनिटांचा बॅले. पडदा उघडतो तेव्हा समोर साधा रंगमंच असतो. दुकानात मांडलेल्या लाल बुटांत नायिका उडी मारून शिरते आणि फिती आपोआप बांधल्या जातात. तिथून कॅमेरा प्रेक्षागृह मागे सोडून तिच्या मनात शिरतो. वाऱ्यावर भिरभिरणारा वर्तमानपत्राचा कागद माणूस होऊन तिच्यासोबत नाचतो, मोच्याच्या जागी क्षणभर लेरमॉन्टोव्ह आणि मग ज्युलियन दिसतो, प्रेक्षागृहाचा समुद्र होऊन लाटा रंगमंचावर आदळतात. खऱ्या नाट्यगृहात यातले काहीच शक्य नाही. नृत्याचे नुसते चित्रण न करता चित्रपटाने आपल्याच भाषेत नृत्य रचावे, ही झेप इथे पूर्णपणे साधली आहे. त्यामागे चित्रकार हाइन हेकरोथची शेकडो चित्रे आहेत आणि ब्रायन ईस्डेलचे संगीतही. छायालेखक जॅक कार्डिफने कॅमेऱ्याचा वेग बदलून नर्तकांना उडीच्या टोकावर क्षणभर तरंगत ठेवले.

शेवट चटका लावणारा आहे. पुन्हा तोच बॅले नाचायला आलेल्या व्हिक्टोरियाला नवरा आणि नृत्य यांपैकी एक निवडायचे असते. रंगमंचाकडे निघालेले तिचे पाय अचानक मागे वळतात आणि ती सज्ज्यावरून आगगाडीपुढे झेप घेते. मरताना ती ज्युलियनला बूट काढायला सांगते. त्या रात्री प्रयोग रद्द होत नाही. तिच्या जागी फक्त प्रकाशाचा झोत नाचतो. बॅलेत लाल बूट नंतर घालायचे असतात, मग प्रयोगाआधीच ते तिच्या पायांत कसे, असे हिशेबी मन विचारते. पण बूट तिला ओढून नेत आहेत, हे दिसण्यासाठी ते पायांत असायलाच हवे होते.

वितरक रँक कंपनीच्या वरिष्ठांना चित्रपट आवडला नाही आणि ब्रिटनमध्ये त्याची फारशी जाहिरातही झाली नाही. न्यूयॉर्कच्या एका छोट्या चित्रपटगृहात मात्र तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. कलादिग्दर्शन आणि संगीतासाठी त्याला ऑस्कर मिळाले. टेक्निकलर या रंगीत चित्रणपद्धतीच्या तीन वेगळ्या निगेटिव्हवर पुढे बुरशी चढली आणि त्या आकसल्या. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीच्या पुढाकाराने त्यांची डिजिटल दुरुस्ती झाली आणि २००९ साली कान महोत्सवात तो लाल रंग पुन्हा मूळच्या तेजात दिसला.