कान तपासून झाले, पुढे वर्गात काय?

जून महिना आला की सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागाबाहेर एक वेगळीच गर्दी दिसू लागते. बारावीचा निकाल लागलेला असतो, प्रवेशाची मुदत जवळ आलेली असते आणि कर्णबधिर मुलांच्या पालकांना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे असते. मुलगा ऑडिओमेट्रीच्या खोलीत हेडफोन लावून बसतो, आवाज आला की बटण दाबतो. आलेख तयार होतो, टक्केवारी निघते, यूडीआयडी कार्डासाठी माहिती पुढे जाते. डॉक्टरांच्या दृष्टीने काम संपले.

या कागदाला किंमत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबलचा श्रवणदोष असलेली व्यक्ती कर्णबधिर ठरते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमधल्या किमान ५ टक्के राखीव जागांचा लाभ मिळतो, प्रवेशासाठी वयात ५ वर्षांची सूट मिळते. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणात १ टक्का श्रवणदोष असलेल्यांसाठी आहे. पण प्रमाणपत्र मुलाला कॉलेजच्या दारापर्यंत नेते. आत वर्गात प्राध्यापक काय बोलतात, ते त्याला कोण सांगणार?

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मध्यंतरी तपासणीला आली होती. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिची आई देत होती. शेवटी म्हटले, ‘ताई, थोडं तिला सांगू द्या,’ आणि वही पुढे सरकवली. ‘वर्गात किती समजतं?’ असे लिहिले. तिने उत्तर लिहिले : ‘सर पाठ. फळा बोल. मी मैत्रीण वही बघ.’ सर पाठ करून फळ्याशी बोलतात, मी मैत्रिणीची वही बघते. यापेक्षा नेमके उत्तर मला देता आले नसते.

हे वाक्य वाचून अनेक शिक्षकांना वाटते की मुलीला मराठी येत नाही, म्हणजे बुद्धी कमी. तसे नाही. भारतीय सांकेतिक भाषेला तिचे स्वतःचे व्याकरण आहे. मराठीसारखे विभक्तीचे प्रत्यय तिच्यात नाहीत, काळ दाखवायची रीत वेगळी आहे, प्रश्नार्थक खूण साधारणपणे वाक्याच्या शेवटी येते आणि भुवया, चेहरा, मान यांनाही अर्थ असतो. ही मुलगी आपल्या भाषेच्या घडणीत मराठी शब्द बसवत होती. आपण मराठीच्या घडणीत इंग्रजी बोलतो तेव्हा जे होते, तेच.

ही खरी भाषा आहे याचा पुरावा मेंदूतही सापडतो. सांकेतिक भाषा वापरणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीला मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला, तर हाताची ताकद शाबूत असूनही खुणांची भाषा बिघडू शकते. बोलणाऱ्या माणसाची वाचा जाते तशी. उजव्या बाजूला इजा झालेल्यांना साधे चित्र उतरवणे जड जाते, पण त्यांच्या खुणा बहुतेक ठीक राहतात. म्हणजे हातवारे आणि भाषा यांतला फरक मेंदू नीट ओळखतो. (जाता जाता : ‘मूकबधिर’ हा शब्द आता सोडून द्यावा. या मुलांचे स्वरयंत्र बहुधा अगदी उत्तम असते.)

‘ओठ वाचता येतात ना?’ हा प्रश्न हमखास येतो. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘मामा’, ‘बाबा’, ‘पापा’ म्हणून पाहा. तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. ‘क’, ‘ग’, ‘ह’ तर घशाजवळ तयार होतात, ते दिसणार कुठून? श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांट यांचा फायदा मोठा आहे. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, हा आमचा आग्रह असतो आणि असलाच पाहिजे. मात्र प्रत्येकाला ते वेळेवर मिळत नाही, आणि मिळाले तरी साठ जणांच्या, पंख्यांच्या आवाजाच्या वर्गात मागच्या बाकावर सगळे ऐकू येतेच असे नाही. ‘खुणा शिकवू नका, मग तो बोलणार नाही’ हा सल्ला अजूनही दिला जातो, काही डॉक्टरांकडूनही. त्याला आधार नाही. नुकसान होते ते पहिल्या काही वर्षांत मुलाला कुठलीच भाषा पूर्ण न मिळाल्यामुळे.

म्हणून कॉलेजात प्रशिक्षित दुभाषक हवा. आई किंवा भाऊ घरातले सांगू शकतात. हिशेबशास्त्रातला ‘घसारा’ सांगायला विषयही कळावा लागतो आणि दोन्ही भाषाही. अनेक तांत्रिक शब्दांना ठरलेली खूणच नसते, तेव्हा दुभाषक आणि विद्यार्थी मिळून ती ठरवतात. हे काम दमवणारे आहे. ऐकायचे, समजून घ्यायचे, त्याच वेळी हातांनी मांडायचे. लांब व्याख्यानाला दोन दुभाषक असतात आणि साधारण वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलतात, ती चैन म्हणून नव्हे. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही घेताना रुग्णालयातही असाच माणूस हवा असतो. बहुतेक वेळा तिथे सोबत आलेला नातेवाईक असतो आणि तो किती सांगतो, किती गाळतो, हे आम्हाला कळत नाही.

दुभाषक तयार करण्याची सोय आपल्याकडे आहे. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. सांकेतिक भाषेतल्या दुभाषकाचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो. सांकेतिक भाषा शिकवण्याची वेगळी पदविका आहे आणि ती कर्णबधिरांसाठीच आहे, कारण ही भाषा शिकवण्याचा पहिला अधिकार त्यांचा. या केंद्राच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १० हजार शब्द झाले. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. बारावीनंतर ‘काय करू’ विचारणाऱ्या, ऐकू येणाऱ्या मुलामुलींनीही ही वाट पाहावी. कर्णबधिर आईवडिलांच्या घरात वाढलेल्यांना तर ही भाषा पाळण्यातच मिळालेली असते.

‘डिसॅबिलिटी स्टडीज’ म्हणजे दिव्यांगत्व अभ्यास हा विषयही विद्यापीठांत शिकवला जातो. वैद्यक विचारते, कानात काय बिघडले? हा विषय विचारतो, वर्गात काय कमी आहे? मला हा दुसरा प्रश्न एमबीबीएसला कुणी शिकवला नाही, रुग्णांनी शिकवला. दोन्ही प्रश्न लागतात.

तिरुवनंतपुरमची ‘निश’ ही संस्था कर्णबधिरांसाठी संगणकशास्त्र, वाणिज्य आणि ललित कलांचे पदवी अभ्यासक्रम चालवते. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयात दूरदृश्य प्रणालीने हजर झाल्या, तेव्हा सोबत पडद्यावर दुभाषक होता. आपल्याकडे मात्र अशा मुलाला ‘छपाई, शिवण, पॅकिंग’ इतक्याच वाटा सुचवल्या जातात. ही कामे हलकी आहेत असे नव्हे, पण गणितात हुशार असलेल्या पोराला गणित सोडायला लावणे बरे नाही.

ज्यांचा प्रवेश यंदा होतो आहे त्यांनी प्राचार्यांकडे पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दुभाषक हवा, व्याख्यानाच्या टिपणी आधी हव्यात, शिक्षकांनी वर्गाकडे तोंड करून बोलावे, परीक्षेत जादा वेळ हवा, हे स्पष्ट लिहावे. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट कायद्यात आहे. ती घ्या, पण जी एक भाषा उरते तिचे वाचन-लेखन पक्के करा. बोललेले अक्षरांत उमटवणारी मोबाइल अ‍ॅप मराठीतही आहेत, मात्र त्यांचा उपयोग वाचता येणाऱ्यालाच. शेवटच्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीचे पत्र आले, की उत्तरातच कळवावे : मी कर्णबधिर आहे, मुलाखतीला सोबत दुभाषक असेल किंवा प्रश्न लिहून द्यावेत. ‘फोन घेता येईल का?’ हे तिथे विचारतीलच. त्यावर ‘ईमेल आणि मेसेजवर काम असे करेन’ हे उत्तर एका कागदावर आधीच लिहून न्यावे.