राजीनामा आला, पुढे काय?

गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या महिला मंडळाच्या सल्लागार काकांनी राजीनामा दिला. अर्ध्या फुलस्केप कागदावर चार ओळी, खाली सही आणि तारीख. कारण ‘वैयक्तिक’. खरं कारण काय ते पनवेलच्या आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं!

तर झालं असं. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मंडळ सुरू झालं तेव्हापासून ते आमचे सल्लागार. पापड-कुरडया, हळदीकुंकू हे सगळं आम्ही बायका पाहतो, पण मंडळाचं खरं काम म्हणजे अर्ज. विधवा, परित्यक्ता, ज्यांना कोणी नाही अशा बायकांचे संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. एक कागद जमवावा तर दुसऱ्याची मुदत संपते. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. साठ-सत्तर रुपये रोज कमावणारी बाईसुद्धा त्यात काठावर येते. या सगळ्यातून वाट काढायची ती काकांनीच. तोंड फटकळ, पण हातात अर्ज घेतला की तो तडीस नेणार.

दसऱ्याच्या सुमारास एक कोळीणबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “ताई, त्या तीनशे रुपयांची पावती मिळंल का?” मी विचारलं, कसले तीनशे? तर म्हणाल्या, “काकांनी घेतले नाय का, मंडलाला देणगी म्हणून. अर्ज दिला तवा.” माझ्या पोटात खड्डाच पडला. चौकशी केली तर ती एकटी नव्हती. काकांनी बऱ्याच जणींकडून असे पैसे घेतले होते. बरं, घरी नेले म्हणावं तर तेही नाही. मंडळातलं लोखंडी कपाट, पंखा, झेरॉक्सचा खर्च हे सगळं त्यातूनच झालं होतं, आणि आम्ही इतकी वर्षं त्या पंख्याखाली बसून ‘काकांची कृपा’ म्हणत होतो. पैसे आले कुठून, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नव्हतं. मीही नाही.

राजीनाम्यानंतरची बैठक काय वर्णावी! एक म्हणाली, “काकांनी स्वतःच्या खिशात घातले का? मग एवढा गहजब कशाला?” दुसरी म्हणाली, “खिशात नाही घातले, मग पावती का नाही फाडली?” तिसरी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ते सगळं जाऊ दे गं. आता अर्ज कोण भरणार?” मला वाटतं, त्या दिवशी सगळ्यांत खरं तीच बोलली.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आमच्या बॅरिस्टरसाहेबांचं अगदी असंच झालं होतं.”

बॅरिस्टरसाहेब म्हणजे अब्दुल रहमान अंतुले. सासूबाईंचं माहेर म्हसळ्याकडचं आणि अंतुले त्याच तालुक्यातल्या आंबेतचे. जून १९८० मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. कोकणचा माणूस त्या खुर्चीवर बसला, याचं तिकडच्या लोकांना किती अप्रूप वाटलं असेल! आणि माणूस झपाट्याचा. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं ते त्यांच्याच काळात. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तोही तेव्हाच. पोलिसांची अर्धी चड्डी जाऊन पूर्ण पँट आली. लंडनहून भवानी तलवार आणण्याची घोषणा तर घराघरांत पोचली होती. आणि ज्या निराधार योजनेचे अर्ज आम्ही आज भरतो, ती १९८० मध्ये सुरू झाली तीही अंतुल्यांच्याच कारकिर्दीत. सासूबाईंच्या एका चुलत जावेला, नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाही, तिला त्या योजनेतून पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पैसे मिळाले. सासूबाई म्हणतात, “तिने आयुष्यात पहिल्यांदा कागदावर अंगठा उठवला तो पैसे घेण्यासाठी. त्याच्या आधी तिचा अंगठा फक्त कर्जाच्या कागदाला लागायचा.”

आता दुसरी बाजू. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी अंतुल्यांच्या ट्रस्टबद्दल लिहिलं. त्यातला मुख्य ट्रस्ट म्हणजे इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान, लेखक-कलावंतांना मदत करण्यासाठी काढलेला. हेतू चांगलाच होता. पण देणग्या देणाऱ्यांत बिल्डर होते, आणि त्या काळात सिमेंट नियंत्रित होतं. कोणाला किती मिळणार हे सरकार ठरवायचं. देणगी द्या आणि सिमेंट न्या, असा तो आरोप. प. बा. सामंत आणि इतर कार्यकर्ते उच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध होता असा निकाल दिला आणि अंतुल्यांना पद सोडावं लागलं. त्यांच्या जागी बाबासाहेब भोसले आले.

आमच्या घरात त्या राजीनाम्यावरून म्हणे दोन दिवस चूल धड पेटली नव्हती. सासूबाई रडल्या होत्या. आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यांनी पेढे आणले होते! कारण सांगते. त्याच वर्षी ते मागच्या अंगणात मोरी आणि संडास बांधत होते. आधी बाहेर जावं लागायचं, घरात दोन लेकी मोठ्या होत होत्या. सिमेंटसाठी अर्ज केला होता आणि परमिटची वाट पाहत महिने गेले. भिंत कमरेएवढी होऊन अडकली होती. तिथे गोणपाटाचा पडदा लावून आंघोळी चालायच्या. “इथे मला दहा गोण्या मिळत नाहीत आणि तिकडे ट्रकच्या ट्रक जातायत,” असं मामंजी ओरडायचे. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९८२ मध्ये, केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण काही प्रमाणात उठवलं आणि आमची मोरी पूर्ण झाली. सासूबाईंनी पेढा काही खाल्ला नाही. तो त्यांनी कावळ्याला घातला, हे त्या आजही हसत हसत सांगतात.

म्हणजे बघा, एकच राजीनामा आणि एकाच घरात दोन निकाल. दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नव्हते. सासूबाईंसमोर ती निराधार जाऊ होती आणि मामंजींसमोर अर्धवट भिंत. पुढे हा खटला कितीतरी वर्षं चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८८ मध्ये त्या न्यायालयाने, खटला उच्च न्यायालयाकडे पाठवण्याचा आपलाच आधीचा आदेश चुकीचा ठरवला. आणि आमच्या जिल्ह्याने काय केलं? १९८९, १९९१ आणि १९९६, तिन्ही वेळा अंतुल्यांना लोकसभेत पाठवलं. २००४ मध्ये पुन्हा. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ते गेले तेव्हा सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला. “ते मुसलमान होते,” असं आमच्या धाकट्याने सांगितलं, तर म्हणाल्या, “दिवा माझा आहे.”

मामंजी मात्र शेवटपर्यंत एकच म्हणायचे. राजीनामा द्यावा तर तो सीडींनी! सीडी म्हणजे चिंतामणराव देशमुख. तेही आमच्याच जिल्ह्याचे, महाडजवळच्या नाते गावात १८९६ मध्ये जन्मलेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. राजकारणी नव्हेतच ते, आकड्यांतला जाणता माणूस म्हणून नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं आणि १९५२ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं नेहरूंनी जाहीर केलं. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळ्या घातल्या. देशमुखांनी तेव्हाच राजीनामा लिहून दिला, पण तो मान्य होऊन लोकांसमोर आला जुलैमध्ये. २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत उभं राहून त्यांनी कारण सांगितलं. हा निर्णय मंत्रिमंडळापुढे नीट आलाच नाही, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली आणि महाराष्ट्राबद्दल मनात आकस आहे, असं पंतप्रधानांच्या तोंडावर सांगितलं. १९५३ मध्ये देशमुख आणि दुर्गाबाई यांचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं, त्याला साक्षीदार होते ते हेच नेहरू! राजीनाम्याच्या वेळी दुर्गाबाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्ष होत्या. आमच्यासारख्या किती तरी महिला मंडळांना पुढे त्या मंडळाकडून अनुदान मिळालं. नवऱ्याच्या एका सहीने त्या घरात काय उलथापालथ झाली असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. पुरुषांच्या चरित्रांत ते पान फारसं सापडत नाही.

त्या राजीनाम्याने महाराष्ट्र पेटून उठला. १९५७ च्या निवडणुकीत इकडे काँग्रेसचा धुव्वा उडाला आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. आता जानेवारीचा राजीनामा जुलैपर्यंत का थांबला, हे मी मामंजींना एकदा विचारलं होतं. ते चिडले. “बजेट मांडायचं होतं, अर्धवट काम टाकून जातात का?” मला ते उत्तर पूर्ण पटलं नव्हतं, पण सासऱ्यांशी किती वाद घालणार!

अलीकडचे राजीनामे तर रजेच्या अर्जासारखेच वाटतात. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये आर. आर. पाटलांनी पद सोडलं आणि २००९ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा गृहमंत्री. लोकांनीही फार मनावर घेतलं नाही.

हे सगळं डोक्यात घोळत होतं तेव्हा मला एक गोष्ट खटकू लागली. अंतुल्यांच्या बाबतीत बिल्डरांनी पैसे दिले, पण त्यांना त्या बदल्यात जास्तीचं सिमेंट तरी मिळालं. आमच्या बायकांना काय मिळालं? जे त्यांच्या हक्काचंच होतं ते. ज्या बाईचा अर्ज समोरच्या टेबलावर पडलाय, तिच्याकडे देणगी मागितली तर ती ‘नाही’ कशी म्हणणार? पैसे खिशात गेले की पंख्यात गेले, हा प्रश्न आपला. तिचे तीनशे गेले ते गेलेच.

मी काकांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. काका म्हणाले, “पंधरा वर्षं राबलो, आणि तुम्ही मला चोर ठरवलंत.” मी म्हटलं, “काका, चोर कोणीच म्हणत नाही. पण कागदावर ‘वैयक्तिक’ लिहिलंत ना, ते काढा. बायकांसमोर येऊन काय झालं ते तुम्हीच सांगा.” ते बोलले नाहीत. चहा निवला. निघताना त्यांनी आतून एक लांबट वही आणून दिली. त्यात पै न् पैचा हिशोब होता. एक्केचाळीस नावं, प्रत्येकीपुढे तारीख आणि तीनशे रुपये. बैठकीला मात्र ते आले नाहीत.

एकूण बारा हजार तीनशे. पापडांच्या पैशांतून ते परत करायचे असं आम्ही ठरवलं, तेही भांडूनच. दोघींनी मंडळ सोडलं. एका आजींनी पैसे घ्यायला साफ नकार दिला. “माझ्यासाठी त्या माणसाने सात फेऱ्या मारल्या कचेरीत. रिक्षाचं भाडं तरी झालं असेल की नाही?” त्या कोळीणबाईंनी मात्र नोटा दोनदा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि म्हणाल्या, “मला पैसे पोचले म्हणून माजी सही नको का?” मी वही पुढे केली. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

वहीतली नऊ नावं अजून बाकी आहेत. त्यातल्या काहींची गावं विमानतळासाठी उठली, त्या बायका आता नक्की कुठे राहतात ते शोधतोय. अर्ज सध्या मी भरते. काकांसारखं झरझर जमत नाही, गेल्या महिन्यात दोन परत आले.