भिंत नसलेला तुरुंग: दुर्गापुरा ते सांगानेर

शिक्षेचा विषय निघाला की आपण वर्षं मोजतो. सात का, दहा का, जन्मठेप म्हणजे चौदाच ना? तो चौदाचा गैरसमज आधी काढून टाकू. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला शिक्षामाफीच्या कायद्याखाली चौदा वर्षं भरण्याआधी सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

आज बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीवर: ही वर्षं काढायची कुठे?

जयपूरहून टोंक रोडने निघालात की आधी दुर्गापुरा लागतं, मग सांगानेर. दुर्गापुरा लोकांना माहीत आहे ते रेल्वे स्टेशनमुळे आणि कृषी संशोधन केंद्रामुळे. या केंद्राच्या शेतीवर कैद्यांचं एक छोटं खुलं शिबिर चालत आलंय. पुढे सांगानेरला मोठं शिबिर आहे, १९६३ सालचं. तेव्हाचे राज्यपाल संपूर्णानंद यांचं नाव त्याला दिलंय. तिथे शेकडो कैदी राहतात, त्यातले पुष्कळ खुनाच्या गुन्ह्यातले, आणि बायकामुलांसह राहतात. सकाळी हजेरी, मग शहरात कामाला. कुणी चौकीदार, कुणी कारखान्यात, कुणी शाळेत शिकवतो. संध्याकाळी पुन्हा हजेरी. हजेरीत आणि रोजच्या कारभारात कैद्यांच्या पंचायतीचा मोठा वाटा असतो. जेवणखाण कैद्याच्या स्वतःच्या कमाईतून. सरकार डाळरोटी देत नाही.

‘मग पळत का नाहीत?’ हा ठरलेला प्रश्न. अहो, पळून जाणार कुठे? पोरगं जवळच्या शाळेत, बायको शेजारच्या खोलीत. पकडला गेला तर परत उंच भिंतीआड, आणि शिक्षेतली सूटही धोक्यात. शिवाय इथे सरसकट कुणालाही आणत नाहीत. १९७२ च्या नियमांप्रमाणे शिक्षेचा ठरावीक भाग बंद तुरुंगात काढलेला असावा लागतो, वर्तणूक चांगली लागते. सराईत गुन्हेगार, आधी पळालेले, यांना जागा नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसाहत उभी राहिली. त्यामागे औंधचे राजे आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश इंजिनियर होते. शांतारामबापूंचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच प्रयोगावरून सुचला. पुढे येरवडा आणि पैठणलाही खुली कारागृहं झाली. पण तिथला भर शेतीवर. सांगानेरचा कैदी शहराच्या बाजारात मजुरी मिळवतो, आणि मला वाटतं सगळी गंमत इथेच आहे. सुटल्यावर त्याला नोकरी नव्याने शोधावी लागत नाही, ती आधीच असते. बंद तुरुंगातून चौदा-पंधरा वर्षांनी सुटणाऱ्याचं घरच बहुधा मोडलेलं असतं.

१ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिने समाजसेवा ही शिक्षा प्रथमच आणली: पाच हजारांखालची पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक गोंधळ, अब्रुनुकसानी असे मोजके गुन्हे. ठीक आहे, पण हे छोट्या गुन्ह्यांपुरतं. लांब शिक्षेच्या माणसाचं काय, याचं संहितेत फारसं उत्तर नाही. २०२३ च्या केंद्राच्या आदर्श कारागृह कायद्यात खुली कारागृहं आहेत, मात्र तुरुंग हा राज्यांचा विषय. तो कायदा स्वीकारायचा की नाही, हे राज्यांनी ठरवायचं.

आणि नेमकं २०२४ मध्येच सांगानेरवर संकट आलं. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की खुल्या शिबिरांचं क्षेत्र कमी करू नका. काही आठवड्यांत शिबिराच्या जमिनीतला मोठा तुकडा सरकारी रुग्णालयासाठी देण्याचा निर्णय झाला. प्रकरण अवमान याचिका होऊन पुन्हा न्यायालयात गेलं.

रुग्णालय नको असं कोण म्हणेल? सांगानेरला त्याची गरज आहेच. पण शिबिर शहराबाहेर दूर हलवून चालणार नाही, कारण जमीन दुसरी मिळेल, सकाळी चालत किंवा सायकलने गाठता येईल असं काम मिळणार नाही. जमिनीची किंमत वाढली ती शहर वाढलं म्हणून, आणि शहर वाढलं म्हणूनच कैद्याला काम मिळतंय.