शेताला खत, घराला घोंगडी
हिंगोली जिल्ह्यातील मेंढपाळ व्यवसायाचे नवे महत्त्व

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या जिल्ह्यात सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस आणि हळद ही प्रमुख पिके होत. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. या पिकांची चर्चा नेहमीच होते. परंतु ज्या मातीवर ती उभी राहतात तिचा कस राखण्यात जिल्ह्यातील मेंढपाळांचा, विशेषतः येथे मोठ्या संख्येने असलेल्या हटकर धनगर समाजाचा, जो वाटा आहे त्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

जमिनीतून जे घेतले ते तिला परत देऊन तिची सुपीकता वाढविणाऱ्या शेतीला आज पुनरुज्जीवक शेती असे म्हटले जाते. जनावराला इजा न करता आणि कुरणांची हानी न होऊ देता मिळविलेल्या लोकरीच्या अंथरूण-पांघरुणांनाही जगाच्या बाजारात मागणी येऊ लागली आहे. या दोन्ही कल्पना नव्या नावाने आल्या असल्या, तरी त्यांचे मूळ सूत्र मराठवाड्याच्या मेंढपाळाला अपरिचित नाही.

शेतात मेंढ्या बसविणे

रब्बीची पिके निघाल्यापासून मृगाच्या पावसापर्यंत शेते मोकळी असतात. या काळात शेतकरी मेंढपाळाला बोलावून आपल्या रानात मेंढ्या बसवितो. दिवसभर चरून आलेला कळप रात्री वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या, आत कोंडला जातो आणि रोज वाघर पुढे सरकविली जाते. अशा रीतीने काही रात्रींत सर्व शेत खतावले जाते. मोबदला धान्याच्या वा रोख पैशाच्या रूपाने देण्यात येतो.

या पद्धतीचा लाभ शास्त्रीय कसोटीवरही उतरतो. साधारण शेणखतात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंडीखतात ते सरासरी ३ टक्के, स्फुरद १ टक्का आणि पालाश २ टक्के धरले जाते. शिवाय गोठ्यात वाया जाणारे मूत्र येथे थेट जमिनीत मुरते. एका मेंढीपासून रात्रभरात अर्धा किलो ओल्या लेंड्या मिळतात असे गृहीत धरले, तरी दोनशे मेंढ्यांचा कळप एका रात्रीत एक क्विंटल खत शेतात टाकतो. आणि तेही गाडी, हमाली किंवा डिझेल यांच्या खर्चावाचून. आठ-नऊ महिने जमिनीत राहणाऱ्या आणि सेंद्रिय खताची मोठी भूक असणाऱ्या हळदीसाठी लागवडीपूर्वीचे हे खत विशेष उपयुक्त ठरते.

मात्र दोन गोष्टींची दक्षता घेणे आवश्यक आहे. मेंढ्या उठताच वखराची हलकी पाळी देऊन लेंड्या मातीत मिसळाव्यात. अन्यथा उन्हाने नत्राचा बराचसा अंश वायुरूपाने उडून जातो. तसेच वेड्या बाभळीसारख्या झाडांचे बी लेंड्यांतून शेतात येते. त्याची रोपे लहान असतानाच उपटून टाकावीत.

लोकरीचे काय?

महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांत दख्खनी जात ही सर्वांत परिचित होय. रखरखीत उन्हात दूरवर चालणारी आणि धसकटांवरही गुजराण करणारी ही काटक मेंढी मुख्यतः काळी वा करड्या रंगाची असते. तिची लोकर भरड व जाड असून ती वर्षातून दोनदा कात्रीने कातरली जाते. ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीची तिला सर नाही. त्यामुळे तलम कापडाच्या गिरण्यांना ती चालत नाही. पण घोंगडीला ती अगदी योग्य आहे.

कातरलेली लोकर निवडून पिंजली जाते, तिचे सूत काढले जाते, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून तो ताठ केला जातो आणि मग मागावर घोंगडी विणली जाते. एका घोंगडीस साधारणतः चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर लागते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. तिची घोंगडी सर्वांत मऊ. काही भागांत न विणता, पिंजलेली लोकर पसरून, पाणी शिंपडून व रगडून 'जेन' नावाचे जाड अंथरूणही तयार होते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतका ओलावा शोषूनही ओलसर लागत नाही आणि सहजासहजी पेट घेत नाही. राखणीला जाणाऱ्या शेतकऱ्याने घोंगडीवर विश्वास ठेवला तो यामुळेच.

स्वस्त कृत्रिम धाग्याच्या ब्लँकेटांनी हा विश्वास नव्हे, पण बाजार मात्र हिरावून घेतला. आज अनेक ठिकाणी कातरणीचा खर्चही लोकरीच्या विक्रीतून निघत नाही आणि लोकर टाकून द्यावी लागते. कळपाचे उत्पन्न केवळ मांसावर अवलंबून राहिले, की मेंढपाळ कमी लोकरीच्या जातींकडे वळतो किंवा मेंढ्याच विकून मोकळा होतो. कळप गेला की शेतातील खतही जाते. लोकरीचा भाव आणि जमिनीचा कस यांचे असे निकटचे नाते आहे.

जबाबदार लोकरीची कसोटी

लोकर कशी मिळविली याची तपासणी करणारे एक आंतरराष्ट्रीय मानक २०१६ साली जाहीर झाले. मेंढीला पुरेसे अन्न-पाणी, निवारा व उपचार मिळावेत, तिला वेदना देणाऱ्या प्रथा टाळाव्यात, कुरणांची निगा राखावी आणि लोकर कोणत्या कळपातून आली याचा माग लागावा, अशा तिच्या अटी आहेत. ऑस्ट्रेलियात माश्यांचा उपद्रव टाळण्यासाठी मेरिनो मेंढीच्या शेपटीभोवतीची कातडी कापण्याची प्रथा आहे. तिला या मानकात स्थान नाही. दख्खनी मेंढीच्या बाबतीत असा प्रश्नच उद्भवत नाही. मोकळ्या रानात फिरणारा येथील कळप या कसोटीच्या बराच जवळ आहे. उणीव आहे ती लसीकरणाच्या नोंदीची, स्वच्छ कातरणीची आणि रंगानुसार लोकर निवडून विकण्याच्या व्यवस्थेची.

ग्रामसंस्थांचे कर्तव्य

राज्यात १९७८ साली मेंढी व शेळी विकास महामंडळाची स्थापना झाली. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांच्या नावाने ओळखले जाते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात मुखेड येथे त्याचे प्रक्षेत्र आहे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ साली सुरू झाली. तिच्यात वीस मेंढ्या व एक नर अशा गटासाठी ७५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. शेतीविषयक सल्ल्यासाठी परभणीचे कृषी विद्यापीठ आणि कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र जवळच आहे.

परंतु योजनेइतकेच गावाचे सहकार्य मोलाचे आहे. ग्रामपंचायतींनी गायरानावरील अतिक्रमण रोखावे, कळपांच्या परंपरागत वाटा व पाणवठे खुले ठेवावेत आणि तणनाशक फवारलेल्या रानांची सूचना मेंढपाळांना वेळेवर द्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साह्याने पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी. ज्या शेतकऱ्यांना मेंढ्या बसवावयाच्या आहेत त्यांची यादी उन्हाळ्याच्या तोंडी तयार झाली, तर कळपांचा मुक्काम आखता येईल आणि उभ्या पिकातील चराईवरून होणारे तंटेही टळतील. बचत गटांनी पिंजण व सूतकताई हाती घेतल्यास लोकर गावातच राहील. ज्या लोकरीचे सूत निघत नाही तीही टाकाऊ नव्हे. तिच्यात नत्र व गंधक असल्याने ती फळझाडांच्या आळ्यात पुरावी. ती हळूहळू कुजते आणि ओल धरून ठेवते.

शिक्षकांनीही मुलांकडून मेंढ्या बसविलेल्या व न बसविलेल्या शेतांतील पिकांची तुलनात्मक नोंद ठेवून घ्यावी. पाहिलेला अनुभव वहीत उतरला, की तो पुढच्या पिढीला ज्ञान म्हणून मिळतो. मेंढपाळ हा गावावरून जाणारा वाटसरू नसून गावाच्या शेतीचा भागीदार आहे, ही जाणीव रुजली तर हिंगोलीच्या रानात वाघरी लागत राहतील आणि घराघरांत घोंगडीची ऊबही टिकून राहील.