सड्यावरचा रंगीत सरडा

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. ज्या सरड्याविषयी मी आज सांगणार आहे, त्याला कुंपण ठाऊकच नाही. तो साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर राहतो. जांभा खडकाचं उघडं पठार, खुरटं गवत, मधेमधे दगड. सरकारी भाषेत असल्या जागेला ‘पडीक’ म्हणतात. मला हा शब्द अजिबात आवडत नाही.

हा सरडा शेपटीसकट जेमतेम वीतभर. रंग मातीचा, त्यामुळे एरवी दिसतच नाही. मुंग्या, भुंगे, नाकतोडे हे त्याचं खाणं. पण पावसाळ्याआधीच्या महिन्यांत नर दगडावर चढतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा आणि नारिंगी! मादीला बोलावणं आणि दुसऱ्या नराला दम देणं, दोन्ही त्या एका पंख्यात. अर्थात, मादीला दिसतो तो शिकारी पक्ष्यालाही दिसतोच.

शास्त्रज्ञांनी २०१६ साली ही स्वतंत्र जात असल्याचं दाखवून दिलं. नाव ठेवलं ‘सरडा सुपर्बा’. शास्त्रीय नावातला पहिला शब्द चक्क आपला मराठी!

आता याच पठारावर पवनचक्क्या फिरतात. धूर नाही, राख नाही, वीज स्वच्छ. मीही त्यांच्या बाजूचाच आहे. परंतु बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी आढळले. मग सरड्यांची चंगळच झाली म्हणायची? संख्या वाढली खरी. माणूस अगदी जवळ गेला तरी ते पळेनात. रक्तातली ताणाची संप्रेरकंही कमी भरली. पण तोंडं वाढली, किडे तेवढेच. सरडे रोडावले, आणि नरांच्या गळ्यावरचे रंगही फिके पडले.

म्हणजे पात्यांनी सरड्याला हातही लावला नाही. वरची घार हटली आणि खाली गळ्याचा रंग उतरला. पवनचक्की उभारायला आपण मोकळी जागा शोधतो, तेव्हा नकाशावर ‘पडीक’ लिहिलेलं पठारच आधी नजरेत भरतं. नुसतं तिथं किती झाडं आहेत हे मोजून भागणार नाही. या सरड्याला झाड लागतच नाही. त्याला लागतो उघडा दगड, त्याखालची सावली आणि अंडी पुरायला थोडीशी माती.